झबरवन ते अफरवट: काश्मीर खोऱ्यात गोल्फ खेळत

गुरुवार: पुणे ते श्रीनगर

काश्मीरला जाणारी आपली मंडळी ज्या घाईने काश्मीर उरकतात, ती मला कधीच पटलेली नाही. सकाळी मुघल बागा, दुपारी शिकारा, दुसऱ्या दिवशी पहाटे गाडीत बसून गुलमर्ग, रात्री परत. गोल्फचा अठरा होलचा एक राउंड म्हणजे सात-आठ किलोमीटरची चाल आणि सलग चार-साडेचार तास एकाच कुरणात. ऊन कुठून कुठे सरकतं, वारा कधी फिरतो, जमीन कुठे कलते, हे सगळं तिथे बघावंच लागतं, नाहीतर चेंडू कुठेही जातो. डोंगराशी ओळख करून घ्यायला याहून चांगला मार्ग मला माहीत नाही. म्हणून या सहलीत ठरवलं की बघण्याच्या जागांची यादी करायचीच नाही. खोऱ्यातली तीन मैदानं निवांत खेळायची: श्रीनगरचं रॉयल स्प्रिंग्ज, पहलगामचं लिडर व्हॅली आणि गुलमर्ग.

सोबत दादा आणि वहिनी. दादा आणि मी येरवड्याच्या पुणे गोल्फ कोर्सवर खेळतो. वहिनी खेळत नाही, पण चालायला आमच्या दोघांपेक्षा तयार. सप्टेंबरची अखेर मुद्दाम निवडली. गुलमर्गचं मैदान बर्फामुळे अर्धं वर्ष बंदच असतं. वसंतात बर्फ वितळून जमीन पाणथळ झालेली असते, आणि भर उन्हाळ्यात दुपारी ढगांचा भरवसा नसतो. सप्टेंबर-ऑक्टोबरात हवा कोरडी, आकाश धुतल्यासारखं आणि गर्दी बेताची.

विमानतळाबाहेर पडल्यावर पहिली गोष्ट जाणवली ती फोनची. बाहेरच्या राज्यातलं प्रीपेड सिम इथे चालत नाही, पोस्टपेडच लागतं. वहिनीचा फोन तेवढा चालू राहिला आणि पुढच्या सगळ्या टी-टाइम, म्हणजे खेळ सुरू करायच्या वेळा, तिनेच ठरवल्या.

शुक्रवार: रॉयल स्प्रिंग्ज

शुक्रवार म्हणजे जुम्मा. दुपारच्या नमाजाआधी कॅडी, म्हणजे बॅग घेऊन सोबत चालणारे मदतनीस, मोकळे व्हायला हवेत, म्हणून आम्ही सकाळी लवकरची वेळ घेतली होती. आमच्याच वेळेला मागे-पुढे फारसं कोणी नव्हतं.

बुलेव्हार्ड रस्त्याने दलच्या काठाकाठाने गेलं की उजव्या हाताला झबरवनचा डोंगर सुरू होतो. त्याच्या पायथ्याशी, चश्मेशाहीच्या अंगाला, हे मैदान पसरलं आहे. चश्मेशाहीची बाग १६३२ची, शाहजहानच्या काळातली. तिच्यात झऱ्याचं पाणी जसं पायऱ्यापायऱ्यांनी खाली उतरतं, तसंच हे मैदानही डोंगराकडून तळ्याकडे टप्प्याटप्प्याने उतरत जातं. या शतकाच्या सुरुवातीला सुरू झालेल्या या मैदानाची आखणी रॉबर्ट ट्रेंट जोन्स ज्युनियर या अमेरिकन आखणीकाराची. त्याचे वडीलही याच कामातले मोठे नाव. पार, म्हणजे होलसाठी ठरलेले फटके, मिळवणं अवघड असावं पण बोगी, म्हणजे त्याहून एक जास्त, सहज मिळावी, असं त्या वडिलांचं सूत्र होतं. मुलाने ते इथे नीट पाळलं आहे. साध्या, सरळ फटक्याला फेअरवे, म्हणजे कापलेल्या गवताचे पट्टे, भरपूर रुंद आहेत. हाव धरली की मात्र वाळूचे बंकर, पाणी किंवा चिनारची फांदी आडवी येते.

चिनार आता कुठे कडांना पिवळे पडायला लागले होते. ते पेटतात ऑक्टोबरच्या शेवटी. पण गोल्फ खेळणाऱ्याच्या दृष्टीने चिनारची खरी गोष्ट वेगळीच आहे. त्याचा घेर एवढा मोठा असतो की चेंडू खोडापासून पंधरा पावलं दूर असला तरी वर फांदी असतेच. माझा दुसरा फटका एका चिनारच्या मागे गेला, तेव्हा कॅडीने चेंडू उंच उचलणाऱ्या सँड वेजकडे हातही नेला नाही. बॅगेतून चेंडू खालून नेणारी फाइव्ह आयर्न काढून हातात ठेवली आणि म्हणाला, "मॅम, नीचे से निकालिए. चिनार के ऊपर से आज तक कोई नहीं गया." खालून ढकललेला चेंडू गवतावरून सरपटत फांद्यांच्या सावलीतून बाहेर पडला आणि ग्रीनच्या, म्हणजे होलभोवतीच्या बारीक गवताच्या, तोंडाशी जाऊन थांबला.

इथलं गवत आपल्यापेक्षा वेगळं आहे. आपल्याकडच्या मैदानांवर असते ती हरळीची जात, म्हणजे गणपतीला वाहतो त्या दूर्वाच. तिला ऊन लागतं. थंडी पडली की ती पिवळी पडून झोपी जाते. काश्मीरच्या ग्रीनवर थंड हवेचं, बारीक पात्याचं, मऊ गवत असतं. हरळीच्या ग्रीनवर पात्यांचा कल चेंडूला पकडून ठेवतो, त्यामुळे आपल्या हाताला पट, म्हणजे ग्रीनवरचा फटका, जरा जोरकस मारायची सवय असते. इथे तेवढ्याच जोराने मारलेला चेंडू होलला वळसा घालून पुढे निघून जातो. शिवाय डोळ्यांना फसवणारा उतार. पाठीशी एवढा मोठा डोंगर उभा असला की समोरची जमीन सपाट वाटते, कधी कधी चढाचीच वाटते. कॅडी प्रत्येक ग्रीनवर एकच सांगत होता: "झबरवन से दूर, डल की तरफ." दोन-तीन ग्रीननंतर मी स्वतःच्या डोळ्यांपेक्षा त्याच्या वाक्यावर विश्वास ठेवायला लागले आणि पट पडायला लागले.

वरच्या टप्प्यावरच्या एका टीवर, म्हणजे होलचा पहिला फटका मारायच्या जागेवर, उभं राहिलं की खाली सगळा दल दिसतो. हरिपर्बतचा किल्ला, हाउसबोटींची रांग, आणि नजर पोहोचते तिथे पीर पंजालची निळी ओळ. दादा तिथे बराच वेळ लांब फटक्याचा क्लब, ड्रायव्हर, हातात घेऊन नुसता उभा होता. मागे कोणी येत नव्हतं, त्यामुळे कोणी हटकलंही नाही.

पुण्यातून येणाऱ्याने सुरुवात इथूनच करावी असं माझं मत आहे. श्रीनगर साधारण १६०० मीटरवर आहे, श्वासाला त्रास होत नाही, आणि काश्मीरचं गवत, उतार आणि हवा या तिन्हींची सवय एका राउंडमध्ये होते. मैदान राखलंही उत्तम आहे. पण हे माणसाने कोरून, भर घालून, पाणी फिरवून केलेलं मैदान आहे, हे पावलोपावली जाणवत राहतं. त्यात वाईट काही नाही, मुघल बागाही तशाच केलेल्या. पुढे गुलमर्गला गेल्यावर हा फरक मला फार मोलाचा वाटला.

शनिवार: पहलगामच्या वाटेवर

जेमतेम नव्वद किलोमीटरचं अंतर, पण आम्ही दिवसभर लावला.

पांपोरची केशराची शेतं आत्ता नुसती मातीची ढेकळं दिसत होती. फुलं ऑक्टोबरच्या उत्तरार्धात येतात. पुढे अवंतिपूरला अवंतिवर्म्याने नवव्या शतकात बांधलेल्या मंदिरांचे अवशेष आहेत, तिथे थोडं थांबलो. संगमच्या आसपास रस्त्याच्या दोन्ही अंगांना क्रिकेटच्या बॅटींचे कारखाने सुरू होतात. विलोच्या लाकडाच्या फळ्या एकमेकींवर जाळीसारख्या रचून, हवा खेळेल असे उंच मनोरे करून वाळत घातलेले. दादाने एका कारखान्यात उतरून फळी हातात घेतली. नुकती कापलेली फळी ओल्या कपड्याइतकी जड लागत होती आणि वर्षभर वाळलेली अगदी हलकी. कारागिराने दोन्हींवर बोटाने टकटक करून आवाजातला फरक ऐकवला.

भात कापणीला आलं होतं. अनंतनाग सोडल्यावर सफरचंदांच्या बागा लागल्या, खोकी भरणं जोरात चालू होतं. अक्रोडाचाही हाच हंगाम. रस्त्यात भेटलेल्या पोरांचे हात हिरव्या सालीच्या रसाने काळेकुट्ट झाले होते, आणि तो रंग कित्येक दिवस जात नाही असं ती कौतुकाने सांगत होती.

रविवार: लिडर व्हॅली

पहलगामबद्दल लिहायचं तर आधी हे लिहायला हवं. २२ एप्रिल २०२५ रोजी इथल्या बैसरनच्या कुरणात २६ माणसं मारली गेली. त्यात डोंबिवली, पुणे आणि पनवेल इथली सहा माणसं होती. पर्यटकांना वाचवायला पुढे झालेला इथलाच एक घोडेवालाही त्यात गेला. आम्ही बैसरनकडे गेलो नाही. संध्याकाळी लिडरच्या काठावर बसलो असताना शेजारी चहा घेणाऱ्या एका म्हाताऱ्या घोडेवाल्याने विचारलं, कुठून आलात. महाराष्ट्र म्हटल्यावर तो गप्प झाला, मग उठून वहिनीपुढे दोन्ही हात जोडून उभा राहिला. वहिनीने त्याला खाली बसवलं आणि आणखी एक चहा मागवला. त्याच्या घरी किती माणसं, घोडे किती, हिवाळ्यात काय करतो, असं ती विचारत राहिली. मी जावं की न जावं, असं घरातल्या काहींनी विचारलं होतं. गेले याचं मला समाधान आहे.

मैदान सकाळी खेळलो. रणजित नंदा या भारतीय आखणीकाराने ते आखलं आहे. रॉयल स्प्रिंग्जपेक्षा इथला चढउतार अंगावर येतो. चहूबाजूंनी देवदार आणि कैल, आणि कानात सतत लिडरचा आवाज. शेषनागकडून येणारी एक शाखा आणि कोलहोई हिमनदीकडून येणारी दुसरी, अशा दोन्ही पहलगामलाच एकत्र येतात, त्यामुळे गावात कुठेही उभं राहा, पाणी ऐकू येतंच. मला तो आवाज खेळताना फार मानवला. बॅकस्विंगच्या वेळी मागे कोणी खोकलं तरी कळत नाही.

दरीतल्या मैदानावर वाऱ्याचं एक वेळापत्रक असतं. सकाळी डोंगरावरची गार हवा नदीच्या दिशेने खाली उतरत असते. ऊन चढलं की खालची तापलेली हवा खोऱ्यातून वर सरकायला लागते. सुरुवातीच्या होलवर पाठीवर असलेला वारा साडेअकराच्या सुमारास तोंडावर आला. कॅडीला ती वेळ इतकी पाठ होती की दहा-पंधरा मिनिटं आधीच तो म्हणाला, "अब हवा पलटेगी," आणि थोड्याच वेळात झेंडा उलट्या दिशेला फडफडायला लागला.

मैदान तुलनेने नवं आहे, काही ठिकाणी गवत अजून दाट व्हायचं आहे. रफमधून, म्हणजे फेअरवेबाहेरच्या वाढलेल्या गवतातून, चेंडू काढताना खडा लागतो, म्हणून आवडती वेज जपून वापरावी. पण एक होल असा आहे की टीवरून खाली उतार, दोन्ही बाजूंना देवदारांच्या भिंती आणि समोर डोंगराचा उघडा कडा. चेंडू हवेत असताना तो त्या कड्यासमोर पांढरा ठिपका होऊन लटकल्यासारखा दिसतो. वहिनीने तिथे आम्हाला दोघांनाही दुसरा चेंडू मारायला लावला. तिला परत बघायचं होतं.

दुपारी बकरवालांचा एक तांडा रस्त्याने खाली उतरताना भेटला. उंचावरच्या कुरणांतला त्यांचा मुक्काम संपला होता. शे-दीडशे शेळ्यामेंढ्या, घोड्यांवर संसार, आणि एका घोड्याच्या पाठीवर गोधडीत बांधलेलं करडू.

सोमवार: पुन्हा श्रीनगर

दिवस प्रवासात आणि आरामात. शहराच्या मध्यात, मौलाना आझाद रस्त्याजवळ, इंग्रजांच्या काळातलं काश्मीर गोल्फ क्लबचं मैदान आहे. संध्याकाळी त्याच्या कडेने फेरी मारली. सपाट जमीन, जुनी झाडं, चारी बाजूंनी वाहनांचा आवाज. वेळ हाताशी असेल तर खेळावं, नसेल तर रुखरुख लागू नये. कांदुराच्या, म्हणजे इथल्या रोटीवाल्याच्या, भट्टीतली गरम गिर्दा रोटी आणि नून चाय हा खारा चहा घेऊन लवकर झोपलो.

मंगळवार ते गुरुवार: गुलमर्ग

तंगमर्गनंतर घाट सुरू होतो आणि फरची झाडं दाट होत जातात. शेवटच्या वळणानंतर जंगल एकदम संपतं आणि समोर उथळ परातीसारखं एक प्रचंड कुरण उघडतं. हेच मैदान. रॉयल स्प्रिंग्जला जे घडवावं लागलं, ते इथे आधीच होतं.

१८९०-९१च्या सुमारास कर्नल नेव्हिल चेंबरलेनने इथे सहा होल आखले. स्नूकरचा जनक म्हणून ओळखला जातो तोच हा चेंबरलेन, पुढे ब्रिटनचा पंतप्रधान झालेला नव्हे. त्या वेळी तो काश्मीर दरबारच्या लष्करी कामावर होता. पुढे उन्हाळा काढायला येणाऱ्या गोऱ्या मंडळींसाठी इथे तीन-तीन मैदानं झाली, त्यातलं एक फक्त स्त्रियांसाठी. क्लब १९११चा, पहिली मोठी स्पर्धा १९२२ची आणि नेडूज चषक १९२९चा. आजचं अठरा होलचं मैदान रणजित नंदांनी नव्याने बांधलेलं, २०११ साली खुलं झालेलं. पार ७२, आणि लांबी साडेसात हजार यार्डांच्या वर.

मैदान २६५० मीटरवर आहे. ते जगातलं सर्वात उंच, असं इथे सगळेच अभिमानाने सांगतात. उंचीचाच प्रश्न असेल तर सिक्कीममध्ये कुपुपला लष्कराचं याक गोल्फ कोर्स याहून हजारभर मीटर वर आहे. बोलिव्हियात ला पाझचंही याच्यापेक्षा उंच आहे. गुलमर्गला त्या बिरुदाची काही गरज नाही.

उंचीचा खरा परिणाम चेंडूवर दिसतो. हवा विरळ, म्हणून चेंडूला अडवणारं बळ कमी. समुद्रसपाटीच्या तुलनेत इथे चेंडू सुमारे दहा टक्के लांब जातो. पुणे साडेपाचशे मीटरवर असल्याने आपला हिशोब आठ टक्क्यांचा धरायचा. म्हणजे पुण्यात सेव्हन आयर्नने १४० यार्ड जात असतील तर इथे दीडशे. एक क्लब कमी, म्हणजे जरा कमी अंतराचा, घ्यायचा. पण पहाटे गारठ्यात चेंडू कडक झालेला असतो, तो तेवढा उसळत नाही आणि यातलं बरंच अंतर खाऊन टाकतो. त्यामुळे पहिले काही होल नेहमीचाच क्लब, आणि ऊन अंगावर आलं की एक कमी. दुसरा परिणाम सुखाचा. विरळ हवेत चेंडूची गिरकी हवेला तेवढी धरत नाही, म्हणून उजवीकडे वळणारा फटकाही कमी वळतो. दादाचा जन्माचा स्लाइस इथे फेअरवेच्या आत राहिला. तो दर फटक्यानंतर माझ्याकडे बघायचा. "अगं, बघितलंस ना?" "बघितलं, दादा." संध्याकाळी जेवताना पुन्हा तेच.

बुधवारी सकाळी गवतावर दव इतकं जाड होतं की चेंडू गेल्याची रेघ उमटत होती. ग्रीनवर पट मारला की चेंडूच्या मागे पाण्याचा छोटा तुषार उडायचा आणि हिरव्या-करड्या गवतावर गडद हिरवी वळणदार वाट राहायची. उतार कुठून कुठे आहे हे ती वाट वाचून दाखवायची. माझा पट पाहून दादा आपला मारायचा. मी आधी मारायला कधी तक्रार केली नाही, कारण स्वतःच्या हातून उमटलेली ती रेघ बघायला मलाही आवडत होतं.

नेम धरायला इथे दगडाविटांच्या खुणा आहेत. एका टेकाडावर १९०२चं सेंट मेरीज चर्च. दुसऱ्या टेकडीवर १९१५ सालचं महाराणीचं शिवमंदिर, जे हिंदी सिनेमातल्या गाण्यामुळे साऱ्या देशाला ठाऊक झालं. २०२४च्या जूनमध्ये ते आगीत जळालं. कॅडी मात्र अजूनही "टेंपल की लाइन" असंच म्हणतो. चर्चच्या उजवीकडे, मंदिराच्या टेकडीवर, गुलमर्गच्या वर उभ्या अफरवट डोंगराच्या घळीकडे: राउंड संपेपर्यंत अख्ख्या गुलमर्गचा नकाशा डोक्यात बसतो. तीन तासांच्या घोडेस्वारीत तो बसत नाही.

इथे जमीन हलवून उंचवटे केल्यासारखे वाटत नाहीत. ओढा होता तिथे ओढा आहे आणि तोच हॅझर्ड, म्हणजे खेळातला अडथळा, झाला आहे. खोलगट जागा होती तिथे ग्रीन विसावला आहे. दोन्ही पाय एका पातळीत ठेवून उभं राहायला मिळेल असा फटका विरळाच. चेंडू पायांपेक्षा वर असेल तर तो डावीकडे जाणार, खाली असेल तर उजवीकडे, हे पुस्तकात सगळ्यांनीच वाचलेलं असतं, पण येरवड्याला त्याची गरज क्वचित पडते. इथे प्रत्येक फटक्याआधी स्वतःच्या तळव्यांना विचारावं लागतं. दुसऱ्या राउंडला मला हे जमायला लागलं आणि तो आनंद स्कोअरच्या पलीकडचा होता.

गुरुवारी दादा-वहिनी गोंडोल्याने, म्हणजे रोपवेने, कोंगडोरी आणि पुढे अफरवटला जाऊन आले. मी सकाळी पुन्हा एकटीच खेळले, कॅडीसोबत. तो हिवाळ्यात याच उतारांवर नवशिक्यांना स्कीइंग शिकवतो. १९२७ साली इथे स्कीचा क्लब निघाला. कुठल्या होलच्या उतारावर लहान मुलांना शिकवतात, बर्फात झेंड्याची जागा कशी ओळखतात, हे तो चालता चालता दाखवत होता. एका डॉगलेगच्या, म्हणजे मध्येच वळणाऱ्या होलच्या, कोपऱ्यावर त्याने मला थांबवून उत्तरेकडे बघायला सांगितलं. फरच्या शेंड्यांच्या वर, फार दूर, नंगा पर्बत उघडा पडला होता. ८१२६ मीटर. मग तो म्हणाला, "मॅम, एट आयर्न. आज ऊपर की हवा नहीं है." त्याचं बरोबर होतं, चेंडू झेंड्यापासून दोन हातांवर थांबला.

तिन्हींत एकच खेळायला मिळणार असेल तर गुलमर्ग. आणि त्याला निदान दोन सकाळ द्याव्यात. पहिली सकाळ उंचीची आणि उतारांची ओळख होण्यात जाते.

शुक्रवार: परत

श्रीनगर विमानतळाच्या बऱ्याच अलीकडे एका नाक्यावर सगळं सामान गाडीतून उतरवून तपासतात, मग विमानतळावर पुन्हा तपासणी. गोल्फची बॅग उघडायला लावतातच. भरपूर वेळ हाताशी ठेवून निघावं.

जाणाऱ्यांसाठी थोडं. तिन्ही ठिकाणी रोजचं शुल्क भरून पाहुण्यांना खेळता येतं, पण टी-टाइम आधी फोन करून पक्की करावी आणि गुलमर्ग त्या आठवड्यात खुलं आहे ना, हेही विचारावं. चौदा क्लब ओढत न्यायची गरज नाही. ड्रायव्हर, एक हायब्रिड, तीन-चार आयर्न, दोन वेज आणि पटर एवढ्यात तिन्ही मैदानं छान खेळता येतात. कपडे थरांचे हवेत, कारण पहिल्या टीवर हात गारठलेले असतात आणि नवव्या होलला बाह्या वर कराव्या लागतात. गुलमर्गला पोहोचल्या दिवशी खेळू नये, पाणी पीत निवांत फिरावं. कार्ट कितीही समोर आणून उभी केली तरी चालतच जावं. आणि कॅडी मैदानावरचाच घ्यावा. माझे या सहलीतले बहुतेक चांगले फटके त्यांनी आधी सांगितलेले होते, आणि टुरिस्टवर जगणाऱ्या या खोऱ्यात त्या मजुरीवर घरं चालतात.